पिवळा तारा आणि वहीवरचा ठिपका

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा गोंदियातल्या एका शिक्षक शिबिरात मला व्याख्यानाला बोलावलं. विषय मीच सुचवला होता. ज्यू लोकांच्या छळावर जी चित्रं काढली गेली त्यांत कोणत्या खुणा येतात, आणि एका चित्रातली खूण दुसऱ्या चित्रात कशी बदलते, यावर मी बोलणार होतो. बोलावणाऱ्यांनी आधी आढेवेढे घेतले. प्राथमिक शिक्षकांना याचा काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हणालो, मुलांना चित्र वाचायला शिकवायचं तर आधी आपल्याला वाचता आलं पाहिजे. हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं. व्याख्यानातही मी ते दोनदा म्हणालो.

मी तिरोडा तालुक्यातल्या एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. तिथं चित्रकला म्हणजे आठवड्याचे दोन तास, आणि त्यात फुलदाणी, आगपेटी आणि पंधरा ऑगस्टचा फलक. उरलेल्या वेळात मी इतर विषय शिकवायचो, वर्गशिक्षक असायचो. हौस मात्र वेगळी होती. नोकरीत असतानाच बाहेरून परीक्षा देऊन कलेच्या इतिहासात एम.ए. केलं आणि प्रबंधासाठी हा विषय घेतला. युरोपात मी कधी गेलो नाही. यातलं एकही मूळ चित्र मी पाहिलेलं नाही. आधी पुस्तकातल्या छापील प्रती पाहिल्या, नंतर गोंदियाजवळ फुलचूरच्या घरी खिडकीशी बसून मोबाईलवर बोटांनी मोठं करून करून पाहिलं. कॅनव्हासवरची भेग दिसेपर्यंत मोठं करायचो. जवळून पाहणं म्हणजे काय हे आपल्याला कळतं, असं मला वाटायचं.

त्या दिवशी मी तीन कलाकृती शेजारी शेजारी ठेवल्या. पहिलं चित्र क्रुसावर खिळलेल्या माणसाचं. त्याच्या कमरेला ज्यूंची प्रार्थनेची पट्टेरी शाल आहे, भोवती जळणारी घरं आहेत, पळणारी माणसं आहेत. दुसऱ्या चित्रात एक माणूस उंच भिंतीच्या कोपऱ्यात सापडल्यासारखा उभा आहे, कॉलर वर केलेली, कोटावर पिवळा तारा, हातात ओळखपत्र, त्यावर लाल अक्षरांत 'ज्यू' असा शिक्का. तो चित्रकार स्वतःच आहे. लपून राहत असताना त्यानं ते काढलं आणि पुढं पकडला जाऊन मारला गेला. तिसरी कलाकृती म्हणजे एका नदीच्या काठावर मांडलेले लोखंडी बूट. तिथं लोकांना बूट काढायला लावून गोळ्या घातल्या होत्या. तिथं तारा नाही, शाल नाही, माणूसही नाही. नुसते बूट आहेत, कुणाचा टाचेकडून झिजलेला, कुणाचा लहान मुलाचा.

मी समजावून सांगितलं की शाल ही त्यांची स्वतःची खूण. चित्रकार ती क्रुसावरच्या माणसाला नेसवतो आणि छळणाऱ्यांना सांगतो की ज्याची तुम्ही पूजा करता तो आमच्यातलाच होता. तारा हीही मुळात त्यांचीच खूण, पण ती हिसकावून घेतली गेली, पिवळ्या कापडावर छापली गेली आणि डाग म्हणून परत दिली गेली. ती ज्याची त्यानं आपल्या कोटावर शिवून घ्यायची. सहा वर्षांच्या मुलांनीसुद्धा ती लावूनच फिरायचं. आणि बूट ही कुणाचीच खूण नाही, म्हणून ते पाहताना आपण आपल्या पायांकडं पाहतो.

मग मी माझा आवडता मुद्दा मांडला. कोपऱ्यातला तो माणूस कार्ड दाखवतो ते कुणाला? चित्रात दुसरं कोणी नाही. तो सरळ आपल्याकडं पाहतो. म्हणजे चित्रकारानं आपल्याला कार्ड मागणाऱ्या शिपायाच्या जागी उभं केलं आहे. आणि तरीही, मी म्हणालो, दुसऱ्यानं लावलेला डाग तो स्वतःच्या हातानं, स्वतःच्या रंगानं रंगवतो. तिथं तो डाग त्याचा होतो. माणसाला याहून मोठा विजय मिळत नाही. टाळ्या पडल्या.

प्रश्नांच्या वेळी तिसऱ्या रांगेतली एक शिक्षिका उभी राहिली. पस्तिशीच्या आतबाहेरची, सुती साडी, गळ्यात शिबिराचं ओळखपत्र. तिनं विचारलं की शाळांमध्येही असं व्हायचं काय, शिक्षक हे करायचे काय. मी आनंदानं उत्तर दिलं. ज्यू मुलांना वेगळ्या बाकावर बसवायचे, फळ्यापुढं उभं करून त्यांच्या चेहऱ्याची मापं दाखवायचे, आणि हे करणारे बरेचसे शिक्षक घरी गेल्यावर साधी, सज्जन माणसं असायची, असं मी सांगितलं. तिनं मान हलवली आणि ती बसली.

चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली. मी ओळखलं काय, असं तिनं विचारलं. मी ओळखलं नव्हतं. तसं कबूल न करता मी हसलो. तिनं शाळेचं नाव घेतलं, मी सहावीला तिचा वर्गशिक्षक होतो तेही सांगितलं आणि स्वतःचं नाव सांगितलं. नाव ऐकूनही मला चेहरा आठवेना.

"सर, तुम्ही आमच्या वहीवर लाल ठिपका देत होते," ती म्हणाली.

हातातला कप मी खाली ठेवला. ठिपका आठवला.

त्या काळी दर वर्षी पावसाळ्यात शिष्यवृत्तीचे फॉर्म यायचे. कोणाचा जातीचा दाखला जोडायचा, कोणाचा नाही, याची यादी कारकुनाला हवी असायची. ती वेळेवर गेली नाही तर मुख्याध्यापक सगळ्यांसमोर बोलायचे. साठ मुलांच्या वर्गात दर वेळी हजेरी काढून बघायचा मला कंटाळा यायचा. म्हणून एका वर्षी मी युक्ती काढली. ज्यांचे दाखले लागत त्यांच्या वहीच्या कव्हरवर, उजव्या कोपऱ्यात, लाल पेनानं एक ठिपका द्यायचा. वह्या तपासायला आल्या की ठिपक्याच्या वेगळ्या काढायच्या, यादी तयार. त्यात बौद्ध मुलं होती, जंगलाकडून आलेली दोन-चार गोंड मुलं होती. फॉर्म वेळेवर गेले. मुख्याध्यापकांनी बैठकीत माझं कौतुक केलं आणि दुसऱ्या दोन वर्गशिक्षकांनी तीच पद्धत घेतली.

पुढं काय झालं ते मला माहीत होतं. नव्हतं असं मी आजवर स्वतःला सांगत आलो, पण माहीत होतं. वर्गप्रमुख वह्या वाटताना दोन गठ्ठे करू लागला. डब्याच्या वेळी ठिपक्याची मुलं व्हरांड्याच्या एका टोकाला बसू लागली. कोणी त्यांना बसवलं नव्हतं, निदान मी तरी बसवलं नव्हतं. मग एक शब्द तयार झाला, ठिपकेवाले. तो मी वर्गात ऐकला, मैदानावर ऐकला. रागावलो नाही. एकदा सुट्टीच्या आधी मला दोन सह्या घ्यायच्या होत्या, तेव्हा मी स्वतः म्हणालो, "ठिपकेवाले थांबा, बाकीचे जा." वर्ग हसला. मीही थोडा हसलो असेन.

ती शिक्षिका मात्र याबद्दल बोलत नव्हती. तिला वेगळंच सांगायचं होतं.

तिनं सांगितलं की तिच्या वहीला वडिलांनी जुन्या कॅलेंडरचा पांढरा भाग बाहेर काढून कव्हर घातलं होतं. त्यावर मी ठिपका दिला. तो तिला सलत होता. घरी बसून तिनं कंपासपेटीतला कंपास घेतला, टोक त्या ठिपक्यात रोवलं, भोवती वर्तुळ काढलं आणि निळ्या पेनानं चोवीस आऱ्या मोजून काढल्या. ठिपका मध्ये राहिला, चाकाच्या आसासारखा. त्यांच्या घरी भिंतीवर होतं तसं चक्र झालं. दुसऱ्या दिवशी तिनं ती वही मुद्दाम गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवली.

"मला वाटलं सर चित्रकलेचे आहेत, खूश होतील," ती म्हणाली.

मी खूश झालो नव्हतो. तिनं सांगायच्या आधी मला ते आठवलं, आणि आता चेहराही आठवला. बारीक, सावळी मुलगी, केस तेलानं चापून बसवलेले. मी ती वही सगळ्या वर्गाला दाखवली होती. कव्हरवर नक्षी काढायची नाही असा नियम आहे, असं म्हणालो होतो. असा नियम कुठंही नव्हता. खरं कारण वेगळं होतं, त्या आऱ्यांमध्ये ठिपका पटकन दिसत नव्हता. मी कव्हर फाडलं, मधल्या सुट्टीत तिला खाकी कागद लावून आणायला सांगितलं, आणि ती घेऊन आली तेव्हा पेन तिच्या हातात दिलं. ठिपका तूच दे म्हणालो. तिनं दिला.

एका तासापूर्वी मी व्यासपीठावरून काय बोललो होतो ते दोघांनाही माहीत होतं. त्याची आठवण तिनं करून दिली नाही.

मी बोलायला लागलो ते चुकीचं बोललो. म्हणालो, बघ, हेतू वाईट नव्हता, तुमचे फॉर्म वेळेवर जावेत म्हणूनच ते केलं होतं. ती शांतपणे म्हणाली की ते तिला माहीत आहे, त्यांचे फॉर्म कधीच चुकले नाहीत, तिचं डी.एड. त्याच शिष्यवृत्तीवर झालं.

"तिथं माणसं मारली, सर. ते आणि हे एक नाही, मी तसं म्हणत नाही," ती म्हणाली. "पण तो माणूस कार्ड धरून ज्या नजरेनं पाहून राहिला ना, मी पेन घेऊन तशीच पाहून राहिली होती तुमच्याकडं. तुम्ही खाली वहीकडं पाहत होते."

नंतर तिच्या तालुक्यातल्या बाया तिला हाक मारायला आल्या. बसची वेळ झाली होती. जाताना तिनं माझा मोबाईल नंबर घेतला. ती का घेते आहे ते मी विचारलं नाही.

घरी आल्यावर चार दिवस मी कोणाला काही सांगितलं नाही. मग बायकोला सांगितलं. तीही शिक्षिकाच होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की त्या काळी सगळेच तसं काहीतरी करायचे, तिच्या शाळेत तर नावं मोठ्यानं वाचून उभं करायचे, मी निदान गुपचूप तरी करत होतो. माझ्या बाजूनं बोलावं म्हणून ती हे बोलली. पण मला तिचा राग आला, आणि राग आला याचीही लाज वाटली, कारण मला तेच ऐकायचं होतं आणि ते ऐकायलाच मी तिच्याजवळ गेलो होतो.

मी प्रबंध काढून वाचला. दीडशे पानं. खुणा लावणाऱ्यांबद्दल त्यात एकच परिच्छेद होता, तोही पंचांग सांगावं तसा. बाकी सगळी पानं खूण अंगावर घेणाऱ्याच्या डोळ्यांवर, रंगांवर, रेषांवर. सोसणाऱ्याचं सौंदर्य मी फार प्रेमानं वर्णन केलं होतं. कोटावर तारा शिवताना सुई हातात कोणी दिली, हा प्रश्न दीडशे पानांत मला पडला नव्हता. मार्गदर्शकांनी शेवटी लिहिलं होतं, संवेदनशील लेखन.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. ती देवरीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती. ती म्हणाली की सातवीच्या मुलांना ती चित्रं दाखवा, येता काय. मी लगेच हो म्हणालो. मग ती म्हणाली, "आणि ते ठिपक्याचंही सांगा त्यांना." ती पलीकडं थांबून राहिली. मी हो म्हणालो.

बसनं गेलो. शाळा रस्त्याला लागूनच होती, मागं सागाची झाडं. तिनं प्रोजेक्टरची सोय नव्हती म्हणून चित्रांचे मोठे छापील कागद काढून आणायला सांगितलं होतं. ते मी फळ्यावर चिकटवले. वर्गात तीसेक मुलं असतील, त्यातली बरीच घरी गोंडी बोलणारी. ती स्वतः मागं खिडकीपाशी उभी राहिली.

चित्रांबद्दल मी चांगलं बोललो. मुलांनी बुटांमधला लहान बूट आधी शोधला. एकानं विचारलं, शाल पांघरायची असते तर कमरेला काऊन. एकीनं तारा आणि कार्ड दोन्ही बघून विचारलं, तारा दिसूनच राहिला तर कार्ड कायले मागतात. या प्रश्नाचं उत्तर माझ्या प्रबंधात नव्हतं. मी म्हणालो, कारण मागणाऱ्याला मागायचं असतं.

मग ठिपक्याची वेळ आली. वाटेत बसमध्ये मी वाक्य तयार केलं होतं. ते तोंडात आलं तेव्हा बदललं. मी म्हणालो, "इकडं तिरोड्याकडं एका शाळेत एक सर होते."

सगळी हकिकत मी तशीच सांगितली. यादी, लाल पेन, दोन गठ्ठे, चक्र, फाडलेलं कव्हर, खाकी कागद. मुलीच्या हातात पेन दिल्याचंही सांगितलं. फक्त माणूस दुसरा केला. बोलताना मी मागं खिडकीकडं पाहिलं नाही. मुलं मन लावून ऐकत होती. मला वाटलं, झालं, सांगून झालं, आता चित्रं गुंडाळावी.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

"ते सर आता कुठी राहतात?"

मी खिडकीकडं पाहिलं. ती माझ्याकडंच पाहत होती. रागानं नाही, मदतीला धावावं तशीही नाही. ती फक्त वाट पाहत होती, एखादा मुलगा फळ्यावर गणित सोडवताना अडतो तेव्हा शिक्षक पाहतो तशी.

"ते सर मीच," मी म्हणालो.

वर्गात कोणी हसलं नाही. मी टेबलाचा कोपरा धरला. मुलगी अजून उभीच होती.

"काऊन केलं मग तुमी असं?"

उत्तरं पुष्कळ होती. फॉर्म होते, मुख्याध्यापक होते, साठ मुलं होती. त्यातलं प्रत्येक खरं होतं. पण त्या मुलीपुढं ती सगळी उत्तरं खोटी ठरली असती.

"मला सोपं पडत होतं म्हणून," मी म्हणालो.

ती थोडा विचार करून खाली बसली. मला वाटलं होतं की खरं बोलल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. तसं झालं नाही. उलट, आधी 'एक सर होते' म्हटलं त्याची लाज आणखी वरून पडली. साधं 'मी' म्हणायलाही मला एका बारा वर्षांच्या मुलीनं विचारावं लागलं होतं.

तास संपल्यावर मुलं खिचडीच्या रांगेत गेली. मी कागद काढायला लागलो तर ती म्हणाली की राहू द्या, आठवडाभर फळ्यावर असू देत. आम्ही व्हरांड्यात आलो. मी तिची माफी मागितली, या वेळी हेतूबिंतूचं काही न बोलता. तिनं हातातला खडू पदराला पुसत ऐकलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी ते तिच्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न केला नाही. एवढं एक त्या दिवशी मला जमलं.

अजून चित्र काढतेस काय, असं मी विचारलं. ती म्हणाली की शाळेच्या भिंतीवर पाढे आणि फळांची नावं काढावी लागतात, तेवढंच. मग जरा थांबून म्हणाली की भिंत रंगवायची आहे दिवाळीनंतर, रंग जिल्हा परिषदेकडून येतील, पण वरपर्यंत हात पुरत नाही.

मी येईन म्हणालो. ती म्हणाली, बघू, फोन करीन. देवरीची बस लांबून दिसायला लागली होती, म्हणून तिनं मला निघायला सांगितलं.